डबल बेलशिवाय गाडी हलत नाही

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. ज्याच्यासोबत एका गाडीवर अर्धी हयात काढली त्याच्याबद्दल गोडगोड बोलायला लागलो, तर तो वरूनच एक घंटी मारून मला थांबवेल. म्हणून आधीच सांगून टाकतो, मास्तर अत्यंत तापदायक माणूस होते. आणि त्यांच्याएवढ्या छातीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतो. मी ड्रायव्हर, ते मास्तर. भंडाऱ्याहून निघायचं, कारध्याचा पूल ओलांडायचा, अड्याळवरून पवनी गाठायची आणि तसंच परत यायचं. डेपोत आमची जोडी कोणी फोडत नसे. आमच्यावर कोणाचं प्रेम होतं असं नाही. मास्तरांसोबत जायला दुसरा ड्रायव्हर तयार होत नसे, एवढंच.

एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण मास्तर त्या दोरीनं माझ्याशी भांडायचे. खड्ड्यात गाडी आदळली की एक तुटक घंटी, म्हणजे डोळे कुठं आहेत तुझे. डबल बेलच्या दोन टोल्यांत जरा अंतर पडलं की समजावं, म्हातारी अजून जागेवर बसतेच आहे, दमानं सोड. आणि मी मागं वळून काही विचारलं की उत्तर ठरलेलं. "तू समोर पाह्य. मांगचं मी पाहतो."

गाडी भरली की बाकीचे कंडक्टर पुढच्या थांब्यावरून हात हलवून तशीच काढायला लावतात. मास्तर नाही. बाजाराच्या दिवशी अड्याळच्या थांब्यावर अर्धं गाव उभं असायचं. कोंबड्या, टोपल्या, लेकरं, माहेरी निघालेल्या बाया. मास्तर दारात लटकून ओरडायचे, "सरका बापा, सरका. मांगं जागा आहे." मागं जागा कधीच नसायची. पण त्यांनी म्हटलं की लोक सरकायचे, आणि सरकले की जागा व्हायची. हे मी रोज आरशात पाहत होतो आणि रोज वैतागत होतो, कारण गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या त्या माझ्या बुडाखाली.

ही खोड गाडीपुरती असती तर सोसली असती. दिघोरीला एका लग्नात पंगत अशी गच्च बसली होती की वाढप्याला पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर मधून "सरका, सरका" करत निघाले आणि दाराशी ताटकळलेल्या म्हाताऱ्यांना बसवून आले. वरबापानं मला विचारलं, हे कोण पाव्हणे? मी म्हटलं, आपल्या काही ओळखीचे नाहीत जी.

हातात तिकिटाचं मशीन आलं तरी भोकं पाडायचा जुना पंच त्यांच्या खिशातून गेला नाही. विचार करताना, चिडले की, देवळात हात जोडून उभे असतानासुद्धा खिशात टकटक चालायची. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. अड्याळला दोन खोल्या आणि पुढं ओसरीसारखी सपरी, एवढं घर. त्या घराचं दार लावतानाही मास्तर आत कोण कोण आहे ते मोजून घ्यायचे. घरात ते एकटेच असायचे.

आता तो बेवड्याचा किस्सा सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

अड्याळ सुटलं की पवनीकडं जंगल लागतं. त्या दिवसांत तिथं वाघानं एका गुराख्याला नेलं होतं. संध्याकाळची फेरी होती. एक जण टाइट होऊन चढला, तिकीट काढेना, बायांच्या अंगावर पडू लागला. मास्तरांनी हात धरला तर त्यानं त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पानाची पिंक टाकली. सगळी गाडी उठली. "उतरवा, उतरवा त्याले." मी स्वतः ब्रेक मारला, दोन्ही बाजूंनी सागाची झाडी. उतरवला असता तर कायद्यानं मास्तरांना कोणी काही म्हणू शकलं नसतं.

मास्तरांनी डबल बेल दिली.

मी ओरडलो, "काहून जी मास्तर? फेका न त्याले."

"त्याले उतरवाचा हक्क आहे मले," मास्तर म्हणाले. "जनावराच्या तोंडात द्याचा नाही. उतरवाचं तं जागा पाहून उतरवा लागते. चाल."

पवनीच्या स्टँडावर, उजेडात, माणसांत त्याला उतरवलं आणि मग अशा काही शिव्या हासडल्या की त्या बेवड्याची उतरली. मग स्वतःच्या खर्चानं त्याला चहा पाजला. मी म्हटलं, पहिलेच पाजायचा होता न. तर म्हणाले, "पहिले पाजला असता तं गाडीत ओकला असता."

मास्तर निवृत्त व्हायच्या थोडं आधी, एका दुपारी, भंडाऱ्याहून एक बाई तिच्या म्हाताऱ्या बापाला घेऊन चढली. चपटं नाक, उंचीला लहान, कमरेला लुंगीसारखं वस्त्र. पवनीकडं एका विहारात रांधायचं काम मिळेल असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणून निघाली होती. कारधा गेलं आणि म्हाताऱ्याला थंडी वाजून ताप भरला. ते थरथरणं मला समोर बसून सीटच्या दांड्यातून जाणवत होतं. अड्याळला मास्तरांनी गाडी थांबवली, चहाच्या टपरीवाल्याच्या हातात आपल्या घराची किल्ली दिली आणि सांगितलं, "ह्यायले सपरीत खाटेवर टाक, डॉक्टरले बलाव. मी परतीच्या फेरीनं येतो." अनोळखी माणसाच्या हाती घर. मी म्हटलं, मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? तर दोन घंट्या.

त्या बाईचं नाव सान सान. अड्याळच्या बायांनी तिची सानबाई केली. तिच्या देशाला आमच्याकडची जुनी माणसं ब्रह्मदेश म्हणतात, आता म्यानमार झालं आहे. तिथं ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. पलटणीनं राज्य ताब्यात घेतलं, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. नर्सांनी सरकारी काम सोडलं आणि जखमी पोरांना लपून टाके घातले. तेवढाच तिचा गुन्हा. तिच्या नावाचं वॉरंट निघालं तेव्हा बापाला घेऊन डोंगरातून पायी मिझोरामात आली आणि तिथून भटकत भटकत आमच्या गाडीत. हे सगळं तिनं एकदम नाही सांगितलं. मोडक्या हिंदीत, भाजी निवडता निवडता, महिनोन्महिने थोडं थोडं सांगत गेली.

तिचा बाप बरा झाला, पण दोघं गेली नाहीत. विहाराचं काम दुसऱ्याला मिळालं होतं. मास्तरांनी पुढची खोली त्यांना दिली आणि स्वतः सपरीत झोपू लागले. गाव आधी कुजबुजलं. मग सानबाई बाजारात सुकी मासोळी हुंगून हुंगून घेताना दिसली, घरी आणून ती मिरचीसोबत कुटून भातावर घेताना दिसली, आणि बाया गप्प झाल्या. तिन्ही त्रिकाळ भात खाणारं माणूस आमच्या झाडीपट्टीत फार दिवस परकं राहत नाही. पुढं कोणाच्या जखमेची पट्टी, कोणाच्या सासूची शुगर, सगळं तिच्याकडं जाऊ लागलं.

आणि मग आदेश आला. कागद नसलेल्या परदेशी माणसांना ज्याच्या त्याच्या देशात परत पाठवायचं. ठाण्यातून शिपाई येऊन सांगून गेला. शिपाई तरी काय करणार, त्याच्या आईचे पाय सानबाईच चोळून द्यायची. त्याला सपरीत पाणी दिलं तर त्यानं ते अर्धं तसंच ठेवलं.

सानबाई रडली नाही. तिनं सगळी भांडी घासली, अंथरुणाच्या घड्या घातल्या आणि मास्तरांसमोर बसून म्हणाली, "मेरे साथ का एक नर्स वापस गया था, काका. उसका बॉडी भी घर को नहीं मिला. मेरे को डर नहीं. लेकिन बाबा जेल में दो दिन नहीं बचेगा." मी तिथंच होतो. मास्तरांच्या खिशातला पंच टकटक करत होता, तो थांबला. तो पंच थांबलेला मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी मास्तर खाकी घालून घराबाहेर पडले. निवृत्त होऊन वर्षं झाली होती. बिल्ला परत केलेला, शर्टावर तेवढीच जागा गडद. गळ्यात जुनी चामड्याची पिशवी, हातात पंच. भंडाऱ्याला जाऊन मोठ्या कचेरीच्या फाटकापाशी उभे राहिले. बसले नाहीत. कंडक्टर बसून काम करत नाही म्हणाले. ना फलक, ना घोषणा. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीच्याच आवाजात सांगायचे, "सरका बापा, दोन सवाऱ्या आहेत. मांगं जागा आहे." लोक हसायचे. मग थांबून विचारायचे, कुठली सवारी? मग मास्तर सांगायचे. रोज हेच. बाजाराच्या दिवशी अड्याळात, बाकी दिवस फाटकावर.

फाटकावरच्या शिपायानं विचारलं, कोणत्या पक्षाचे?

"अड्याळ-पवनी," मास्तर म्हणाले.

सगळेच काही पाघळले नाहीत. अड्याळात बियाण्याचं दुकान चालवणारे एक शेठ आहेत, तोंडानं फटकळ. भर बाजारात त्यांनी मास्तरांना अडवलं. "आपल्याच लोकायले पुरत नाही मास्तर, न तुमी बाहेरच्यायले कायले पोसून राहिले?"

मास्तरांनी गळ्यातली पिशवी मागं सारली. "शेठ, तुमी दहावीच्या पेपराले भंडाऱ्याले जात होते, आठवते? गाडी खचाखच भरली होती. आतले सारे बोंबलत होते, जागा नाही, जागा नाही. मीच तुमाले ढकलून आत घातलं. न तुमी आत शिरल्याबरोबर काय मनले मालूम आहे?"

शेठ निघायला वळले.

"मनले, आता कोनाले घेऊ नका, जागा नाही."

बाजार हसला. शेठ लाल झाले आणि दुकानात जाऊन बसले. पण मास्तर हसले नाहीत. लोकांना हसवून त्यांना काही नको होतं. त्यांना ती दोन माणसं राहायला हवी होती, बस. नागपूरचा एक वकील, आमच्याच गाडीतून शाळेत जाणारा जुना पोरगा, त्यानं फुकटात केस घातली. मास्तर त्याच्याकडं खेटे घालत होते, ते मला बरंच नंतर कळलं.

मी तेव्हा नोकरी सोडून स्वतःची गाडी भाड्यानं चालवत होतो. सरकारी कामाची भाडीही मिळायची. एका सकाळी फोन आला, ठाण्याची गाडी बंद आहे, नागपूर विमानतळाची ट्रिप आहे, अड्याळला या. मी आपला गेलो. गाडी लावली तर समोर सानबाई उभी, बाजूला तिचा बाप, मास्तरांनी दिलेली छत्री छातीशी धरून. दोन शिपाई, एक लेडी कॉन्स्टेबल आणि एक साहेब. आणि खाकीतले मास्तर.

मला वाटलं, आता मास्तर गाडीसमोर आडवे होतील. तसलं काही नाही. त्यांनी स्वतः दार उघडलं, म्हाताऱ्याला हात देऊन चढवलं, लेडी कॉन्स्टेबलला "सरका जरा, ताई" म्हणून सानबाईला खिडकीशी बसवलं. सवाऱ्या मोजल्या. दार लावलं. मग साहेबांकडं वळून शांतपणे विचारलं, "साहेब, ह्यायले उतरवनार कुठं?"

"विमानानं तिकडं, न मग सीमेवर ताब्यात देणार."

"कोनाच्या ताब्यात?"

साहेब म्हणाले, "हे पाहा, मास्तर, मलाही घरी आईबाप आहेत. पण आदेश मी काढत नाही."

"तुमचा दोष नाही साहेब. मी कंडक्टर हाओ, म्हणून इचारून राहिलो. तिथं पलटण उभी आहे. मंग तो थांबा नाही न. जंगल आहे."

एवढं बोलून ते गाडीच्या मागं गेले. उजवा हात उचलून पत्र्याजवळ धरला आणि तसेच उभे राहिले. भाड्याच्या गाडीला घंटी नसते. पत्र्यावर दोन थापा, तीच डबल बेल.

साहेब पुढं बसले. "चला."

मी इंजिन सुरू केलं. क्लच दाबला. गिअर टाकला. आरशात मास्तरांचा हात दिसत होता, पत्र्यापासून बोटभर दूर. तो हात काही खाली येईना.

राजेहो, मी काही धाडसी माणूस नाही. मला मास्तरांसारखं बोलता येत नाही, फाटकावर उभं राहता येत नाही. पण आयुष्यभर त्या दोन टोल्यांशिवाय माझ्या पायानं क्लच सोडलेला नाही, आणि त्या सकाळीही तो सोडेना. मी पायाला सांगून पाहिलं. ऐकेना.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"डबल बेल नाही झाली साहेब."

"काय?"

"मास्तरनं बेल नाही दिली. बेल नाही तं गाडी नाही." आणि मी चावी काढून खिशात टाकली.

मग जे व्हायचं ते झालं. साहेब तापले, लायसन्स मागितलं, मी दिलं. भंडाऱ्याहून दुसरी गाडी बोलावली. बाजाराचा दिवस होता, लोक गोळा झाले. कोणी घोषणा दिली नाही, दगड उचलला नाही. टोपल्या खाली ठेवून नुसते उभे राहिले. मास्तरांचा हात तसाच वर. म्हातारा माणूस, पण हात खाली घेतला नाही. सानबाई खिडकीतून त्या हाताकडं पाहत होती. मी ड्रायव्हर सीटवर बसून घाम पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्या माणसासोबत मी एवढी वर्षं स्प्रिंगांवरून भांडलो. लाज वाटली म्हणा, नाहीतर अभिमान, दोन्ही एकदमच आलं.

दुसरी गाडी यायच्या आधी वकिलाचा फोन आला. कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत दोघांना कुठंही पाठवायला मनाई केली होती. साहेबांनी फोनवर खात्री केली, टोपी काढून कपाळ पुसलं आणि सानबाईला म्हणाले, "उतरा." खरं सांगतो, त्यांच्याही चेहऱ्यावर सुटका दिसली.

मास्तरांनी हात खाली घेतला, खांदा चोळला आणि माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, आता पाठ थोपटतील. म्हणाले, "गाडी उन्हात लावाची राह्यते का? म्हातारं माणूस आहे आत."

माझं लायसन्स परत मिळालं, सरकारी भाडी मात्र गेली ती गेलीच. पुढं एकदा सपरीत बसून मी विचारलं, "त्या दिवशी कोर्टाची सुनावणी आहे हे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

पंच टकटकला. "सांगतलं असतं तं तू कोर्टासाठी थांबला असता. मले घंटीवर भरोसा होता. कोर्टाचं काय, लागलं तं लागलं."

गेल्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा मास्तर गेले. छातीचं दुखणं होतं, सानबाईनं शेवटपर्यंत केलं. औषध वेळेवर घेतलं नाही की ती रागवायची आणि मास्तर तिच्याकडं पाहून म्हणायचे, "एक घंटी मारली मी, थांब आता." कारध्याच्या घाटावर, वैनगंगेच्या काठी न्यायचं, आणि माझ्या गाडीतून, असं सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या गाडीत मान आखडते म्हणाले होते.

मास्तरांना गाडीत ठेवलं. खाकी घातली होती. माणसं दाटीवाटीनं बसली. सानबाई आणि तिचा बाप दाराशी उभे होते. आमच्याकडं बायामाणसं घाटावर जात नाहीत, कोणीतरी तसं बोललंही. गाडी भरली होती, तेही खरंच होतं. तेव्हा आतून आवाज आला, "सरका थोडं. बसू द्या बाईले. मांगं जागा आहे." बियाण्याचे शेठ होते. लोक सरकले. जागा झाली.

मी चावी फिरवली. क्लच दाबला, गिअर टाकला आणि थांबलो. कोणीतरी म्हणालं, चाला न भाऊ. पाय हलेना. आरशात पाहायची हिंमत होईना, म्हणून समोर पाहत बसलो, मास्तरांनी शिकवल्यासारखं. सानबाईची केस अजून संपलेली नाही. तारखेवर तारीख पडते आणि प्रत्येक तारखेला ती घरातली सगळी भांडी घासून ठेवून जाते. संध्याकाळी परत येते.

आणि मग मागून पत्र्यावर एक थाप पडली. जरा थांबून दुसरी. म्हातारं माणूस अजून जागेवर बसतंच आहे, दमानं सोड, अशी.

मी आरशात पाहिलं. दारातून बाहेर आलेला हात सानबाईचा होता.

मी क्लच सोडला.